पथ्य पाळूनही शुगर वाढतेय, डॉक्टर इन्सुलिन म्हणताहेत

नौपाडा_पोळीभाजी

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, वय ५६. घरूनच पोळीभाजीचे डबे देते. २०१६ साली टाइप टू डायबेटिस निघाला, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. सध्या मेटफॉर्मिन १००० सकाळ-रात्र, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम नाश्त्याआधी आणि गेल्या वर्षापासून सिटाग्लिप्टिन १००. इतकी वर्षं तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, सातच्या आसपास असायची. जानेवारीत ७.२ होती. आता ८.९ आली आहे.

माझं खाणं सांगते, म्हणजे अंदाज येईल. सकाळी बिनसाखरेचा चहा, डबे गेले की मुगाची धिरडी. दुपारी एक पोळी, उसळ, कोशिंबीर आणि ताक. भात फक्त रविवारी, तोही वाटीभर नाही. रात्री सातलाच ज्वारीची एक भाकरी आणि पालेभाजी. संध्याकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारते, पाऊस असला तर जिन्यात.

पहाटे चारला उठून कणीक मळते, कारण ठाणे स्टेशनवरून गाडी पकडणाऱ्या मुलांना सातच्या आत डबा हवा असतो. तो गेला की हात मोकळे होतात, तेव्हा फास्टिंग तपासते. १७५ ते १९० येते. आणि आदल्या रात्री झोपताना १४० असते! मधे पाणी सोडून पोटात काही नाही. मग वाढते कुठून?

याच प्रश्नावर घरात फार बोलणी ऐकावी लागतात. नणंद आली होती, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पोळ्या लाटता लाटता तोंडात टाकत असशील, म्हणून वाढते." मी चोरून खात नाही. पुरणपोळीची ऑर्डर असते त्या दिवशी पुरणाची चवसुद्धा मी शेजारच्या वहिनींना घ्यायला सांगते. हे मला कुणाला सिद्ध करून दाखवता येत नाही, त्याचं फार वाईट वाटतं.

अजून दोन गोष्टी, कदाचित संबंध नसेल. उजवा खांदा आखडला होता, पोळी लाटता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात खांद्यात इंजेक्शन दिलं, आता हात बराच वर जातो. आणि दिवाळीपासून वजन ५८ वरून ५३ वर आलं आहे. सगळे म्हणतात छान बारीक झालीस. रात्री तळपायांना मुंग्या येतात, ते जुनंच आहे.

आमचे डॉक्टर म्हणाले, आता रात्रीचं इन्सुलिन सुरू करू. मी विचार करून सांगते म्हणून उठून आले. माझी आई चिपळूणजवळच्या गावात असायची. तिला इन्सुलिन सुरू झालं, मग पायाची बोटं काढावी लागली आणि वर्षभरात ती गेली. आमच्या घरात इन्सुलिन म्हणजे शेवट असंच सगळ्यांच्या मनात आहे. एकदा सुरू झालं की सुटत नाही ना? अजून एखादी गोळी वाढवून भागणार नाही का? ज्यांनी स्वतः किंवा घरात हे पाहिलं आहे त्यांनी कृपया लिहा.

कोपरीकर

ताई, घाबरू नका. माझ्या सासऱ्यांना जांभळाच्या बियांचं चूर्ण आणि भिजवलेली मेथी याचा चांगला गुण आला. एका ओळखीच्या वैद्यांकडून तयार पावडर मिळते, तिने तर आठवड्यात शंभर पॉइंट उतरले. हवी असल्यास सांगा. इन्सुलिनची घाई नको असं मला मनापासून वाटतं.

नेरूळ_लॅब

ताई, मी नवी मुंबईत पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण शुगरचे रिपोर्ट आयुष्यभर हाताखालून गेले आहेत, आणि रिपोर्ट हातात घेऊन तुमच्यासारख्या बायकांना काउंटरपाशी रडताना पाहिलं आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी चोरून खाण्याचं. ब्रिटनमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, यूकेपीडीएस नावाचा. नव्याने डायबेटिस निघालेले पाच हजारांवर रुग्ण त्यात होते, मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात दिसलं ते असं की आहार असो, गोळी असो, पहिल्या वर्षी शुगर उतरते आणि पुढे वर्षागणिक हळूहळू पुन्हा चढायला लागते. स्वादुपिंडातल्या ज्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात त्यांचं काम कमी होत जातं. निदान झालं त्या दिवशीच त्यांची साधारण निम्मी क्षमता गेलेली असते, असा अंदाज त्याच अभ्यासातून निघाला. ग्लिमेपिराइड त्याच पेशींना डिवचून इन्सुलिन काढून घेतं. पेशीच थकल्या तर ती गोळी काढणार कुठून? २०१६ ला निघालेला डायबेटिस इतक्या वर्षांनी जास्त औषध मागतो, हा या आजाराचा स्वभाव आहे. नणंदबाईंना हे वाचून दाखवा. जरूर दाखवा.

आता रात्रीचं. आपण झोपलेलो असताना यकृत साखर सोडत असतं, मेंदूला ती लागते. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, त्यांच्यामुळे यकृत जास्त सोडतं. ज्याचं इन्सुलिन पुरेसं आहे त्याच्या रक्तात ती वाढ दिसत नाही. तुमच्यात दिसते. यात भाकरी-भाजीचा दोष नाही, आणि रात्रीचं जेवण आणखी तोडून हे थांबणारही नाही. कृपया उपाशी झोपू नका.

पण एक गोष्ट मला खटकली. तुम्ही चारला उठता आणि सातला तपासता. हे तीन तास तुम्ही उभ्याने, गॅसच्या धगीत, रिकाम्या पोटी राबता. उठल्या उठल्याचा आकडा आणि सातचा आकडा वेगळे असणार. डॉक्टरांना मात्र एकच दिसतो. म्हणून काही रात्री असं करा: झोपताना, मध्यरात्रीनंतर तीनच्या सुमारास, चारला उठल्यावर लगेच, आणि सातला. प्रत्येकापुढे वेळ लिहा. तीनला ७० च्या आसपास किंवा खाली येत असेल तर गोष्ट वेगळी, ते लगेच डॉक्टरांना कळवायचं. रात्रभर १४०-१५० राहून पहाटे चढत असेल तर निराळी. रात्रभर १८० असेल तर अजून निराळी. इन्सुलिन कुठलं, कधी आणि किती, हे ठरवताना डॉक्टरांना याचाच उपयोग होतो.

तपासताना हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. तुमच्या हाताला आमटीचा गूळ, पुरण लागलेलं असतं, आणि बोटावर तेवढा गूळसुद्धा आकडा भरमसाट वाढवतो. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, आपल्या पावसाळी हवेत उघड्या पट्ट्या खराब होतात. आणि १७५ आणि १८५ यात फरक आहे असं समजून जीव जाळू नका. चांगल्या मीटरलासुद्धा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे व्हायची मुभा मानकातच आहे.

खांद्यातलं इंजेक्शन. कागदावर नाव बघा, ट्रायअॅमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन असेल तर ते स्टेरॉइड आहे. सांध्यातलं असलं तरी त्याने काही दिवस शुगर चढते, डायबेटिस असणाऱ्यांची तर चांगलीच. ही बाब तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना माहीत आहे का? दोन दवाखाने, दोन फायली, असं असलं की हे मधेच राहून जातं. पण खरं तेही सांगते, ७.२ वरून ८.९ ही उडी एकट्या त्या इंजेक्शनची नाही. ८.९ म्हणजे सरासरी २०९ च्या घरात, ७.२ म्हणजे १६० च्या. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळाचा हिशेब त्या एका आकड्यात असतो.

सगळ्यात जास्त मला तुमच्या वजनाने थांबवलं. न ठरवता पाच किलो उतरले आणि त्याच वेळी शुगर चढली. लोक छान म्हणत असतील, मी म्हणणार नाही. शरीराला इन्सुलिन पुरत नसलं की साखर लघवीतून वाहून जाते आणि शरीर स्वतःची चरबी, स्नायू जाळायला लागतं. हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, वजनाचे जुने-नवे आकडे दाखवा. ते बहुतेक सी-पेप्टाइड बघतील, तुमचं स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय ते त्यातून कळतं. काही जणांचा टाइप टू समजलेला डायबेटिस प्रत्यक्षात हळू चालणारा, प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटल्यामुळे झालेला असतो, त्यासाठी गॅड अँटिबॉडी तपासतात. या वयात पोटाची सोनोग्राफी किंवा स्कॅनही सांगू शकतात, स्वादुपिंड नीट आहे ना ते पाहायला. बहुतेक वेळा त्यात काही निघत नाही, पण बघायला हवं. यात टाळाटाळ नको.

मुंग्यांसाठी बी-१२ करून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि मुंग्यांचं सगळं खापर शुगरवर फुटतं. सोबत हिमोग्लोबिनही बघा. लोह कमी असेल तर एचबीए१सी थोडी फुगून येते. तुमचे बोटाचे आकडेही चढेच आहेत, त्यामुळे वाढ खरी आहेच.

कोपरीकर, तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळतं. मेथी जेवणात असू दे, ती भाजीच आहे. पण ज्या पावडरीने आठवड्यात शंभर उतरतात, तिच्यात काय आहे ते पाकिटावर लिहिलंय का? अशा खुल्या चूर्णांत अॅलोपॅथीच्या शुगरच्या गोळ्या कुटून मिसळलेल्या सापडल्या आहेत. ताई आधीच ग्लिमेपिराइड घेतात. पहाटे गॅससमोर उकळत्या तेलाजवळ त्यांची शुगर ५० वर आली तर? सासऱ्यांची पावडरही एकदा त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

ऐरोली_तीन_पाळ्या

ताई, मी रबाळे एमआयडीसीत पाळीने काम करतो. इन्सुलिन २०२१ पासून घेतोय, तुमच्याइतकीच भीती होती.

"सुटत नाही ना" याचं उत्तर. इन्सुलिनची सवय लागत नाही. शरीरात जे कमी पडतं तेच बाहेरून घेतो. काहींना थोड्या काळासाठी देतात, शुगर खाली आली की पेशींना आराम मिळतो आणि पुन्हा गोळ्यांवर येता येतं. काहींना कायम लागतं. माझ्या बाबतीत कायम आहे. त्यात वाईट असं काही मला आता वाटत नाही. चष्मा सुटत नाही म्हणून कुणी न बघता चालत नाही.

तुमच्या आईचं वाचून मला माझे वडील आठवले. त्यांनाही इन्सुलिन दिलं ते पाय काळा पडल्यावर. आमच्या आधीच्या पिढीत इन्सुलिन असंच शेवटी यायचं, म्हणून लोकांनी दोन्हीची सांगड घातली. पाय गेला तो त्याआधीच्या अनेक वर्षांच्या शुगरने. तुमच्यापाशी ते लवकर येतंय.

कामाच्या गोष्टी सांगतो. रात्रीचं, चोवीस तास चालणारं इन्सुलिन साधारण १० युनिटने सुरू करतात आणि फास्टिंग बघत दोन-दोनने वाढवतात. सुरुवातीला "एवढंसं देऊन फरक पडला नाही" असं वाटतं, धीर धरा, डोस चढवायचाच असतो. स्वतःच्या मनाने मात्र चढवू नका. बाटलीवालं इन्सुलिन दिलं तर आपल्याकडे ते बहुतेक ४० युनिटचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, असं असतं, त्याला लाल टोपीची सिरिंज. केशरी टोपीची सिरिंज १०० युनिटची. मेडिकलवाल्याने चुकीची दिली तर डोस अडीच पटीने चुकतो. दुकानातच बघून घ्या. पेन असेल तर हा घोळ नाही. सुई ४ मिलिमीटरची मिळते, ती बोटाच्या टोचणीपेक्षा कमी दुखते, खरं सांगतो. जागा रोज बदला, पोटाची डावी बाजू, उजवी, मांडी. एकाच जागी दिलं की कातडीखाली गाठ होते आणि त्या गाठीतून इन्सुलिन नीट भिनत नाही.

शुगर खाली गेल्याचं ओळखायला शिका: हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड. तुम्ही गॅसपाशी असता, तिथे घाम तसाही येतो, म्हणून शंका आली की तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बिस्किट किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपातेलाने साखर सावकाश चढते. आकडा वर आला की मग काहीतरी खा. आणि शेजारच्या वहिनींना हे सांगून ठेवा. पहाटे घरात जागं तुम्हीच असता ना?

खारघरची_लेक

काकू, माझ्या बाबांना मागच्या वर्षी इन्सुलिन सुरू झालं. एकच सुचवते. सुरू करण्याआधी डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्या. शुगर खूप दिवस चढी असेल आणि ती एकदम खाली आणली, तर पडद्याचा त्रास असणाऱ्यांचा तो तात्पुरता वाढू शकतो, असं आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. म्हणून आधी स्थिती माहीत असावी. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, एकट्या जाऊ नका, रिक्षाने परत या. किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा करायचं असतं, तेही त्याच फेरीत उरकता येतं.

आणि तुमच्या नणंदेला सांगा, माझे बाबा आयुष्यभर शिक्षक होते, गोड खाण्याची आवडच नव्हती. त्यांचीही वाढली.

नौपाडा_पोळीभाजी

सगळ्यांचे मनापासून आभार. नेरूळच्या ताईंनी सांगितलं तसं तपासलं. हात धुऊन, पुसून. एका रात्रीचे आकडे देते, बाकीच्या रात्रीही साधारण असेच आहेत: झोपताना १३८, तीनला १४६, चारला उठल्यावर १५२, सातला १८६. म्हणजे जास्त चढ ती चार ते सातमधलीच.

वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. वजनाचं ऐकून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. खांद्याच्या इंजेक्शनचा कागदही दाखवला, स्टेरॉइडच होतं, त्यांना माहीत नव्हतं. सी-पेप्टाइड, गॅड अँटिबॉडी, बी-१२, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी लिहून दिली. बी-१२ खूपच कमी आलं, त्याची इंजेक्शनं चालू झाली. सोनोग्राफीत काही नाही, देवाची कृपा. स्कॅन लागेल का ते पुढच्या भेटीत ठरवू म्हणाले. सी-पेप्टाइड कमी आहे, अँटिबॉडीचा रिपोर्ट यायचा आहे. तो काहीही आला तरी इन्सुलिन लागणारच, असं त्यांनी समजावलं आणि मी हो म्हटलं. ग्लारजिन, म्हणजे ते चोवीस तास चालणारं इन्सुलिन, त्याचं पेन दिलं आहे, रात्री ८ युनिट. वजन कमी म्हणून ८ पासून. चार ते सातच्या मधे निदान मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा एक धिरडं खाऊन घ्या, रिकाम्या पोटी राबू नका, असंही म्हणाले. डोळ्यांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, भाचा सोबत येणार आहे.

नणंदेला वरचा मजकूर वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण रात्री तिनेच फोन करून विचारलं, सुई कशी घेतेस. तिलाही शुगर आहे, २०१९ पासून.

एक शंका आहे. माझं स्वयंपाकघर लहान, दिवसभर दोन शेगड्या चालू. फ्रिज तिथेच, आणि डब्यांच्या सामानाने भरलेला. पेन ठेवू कुठे?

ऐरोली_तीन_पाळ्या

न उघडलेली पेनं फ्रिजमध्येच, २ ते ८ अंशांत. एक छोटा झाकणाचा डबा करून मधल्या कप्प्यात ठेवा, भाजीच्या ओलीला लागणार नाही. फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून अजिबात नको, एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, वितळल्यावर बघून कळतही नाही. चालू पेन बाहेर ठेवलं तरी साधारण चार आठवडे चालतं, पण ३० अंशांच्या आत. म्हणून स्वयंपाकघरात नको, आतल्या खोलीत, उन्हापासून दूर. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे मातीचं मडकं आहे, त्यात तळाला थोडं पाणी, वर वाटी पालथी घालून पिशवीत गुंडाळलेलं पेन. उघडल्याची तारीख पेनावर चिकटपट्टी लावून लिहा. ग्लारजिन पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं, गढूळ किंवा कण दिसले तर ते पेन वापरू नका, मेडिकलमध्ये परत न्या. सुई मात्र वापरून झाली की काढून जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका, पेनला लावून ठेवू नका, आणि बाटली भरली की दवाखान्यात द्या. कचऱ्यात नको, कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला लागते.